शेपटीची रजा

रविवारी चालायला जाणाऱ्या त्या मंडळाचे नियम तीनच होते. पहिला, शेपटीच्या मागे कुणी राहायचं नाही. दुसरा, वाट जिथे फुटते तिथे पुढच्याने शेपूट दिसेपर्यंत थांबायचं. तिसरा, विसाव्याच्या जागी शेपूट येऊन पोचलं की सगळ्यांनी उठायचं. नियम कप्तानाने केले होते आणि त्यांत खोट काढायला जागा नव्हती. ज्या बाईला एकोणीस वर्षं शेपूट म्हणत होते तिच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली होती. तिसऱ्या नियमाप्रमाणे मंडळात सगळ्यांना विसावा मिळतो, फक्त शेपटीला मिळत नाही. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. आपण बरं नि आपलं चालणं बरं, असा तिचा स्वभाव. अशा स्वभावाच्या माणसाला जग शोधत येतं आणि त्याच्या हातात शिट्टी देतं.

तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे असलेलेसुद्धा. मंडळ बावीस जणांचं. शहर जिथे संपल्यासारखं वाटतं पण संपत नाही, तिथे पंपघरापाशी बसचा शेवटचा थांबा होता. तिथे उतरून नदीच्या बांधावरून चालायला लागायचं. रेल्वेपुलाखालून, धोब्यांच्या दगडांवरून, लव्हाळ्यांच्या कडेने बंधाऱ्यापर्यंत, आणि तिथून वर तळ्याला. शहराला पाणी पुरवणारं तळं ते. भोवती कुंपण, कुंपणाला एकच फाटक, आणि फाटकावर एक दरवान. तो मंडळाला वहीत लिहून आत घेई आणि वहीत बघून बाहेर सोडी. एकट्यादुकट्याला प्रवेश नव्हता. परवाना मंडळाच्या नावाने होता, आणि जेवढे आत तेवढे बाहेर यायला हवेत, या एका गोष्टीबद्दल दरवान देवालासुद्धा सूट देणारा नव्हता.

शेपटीची प्रथा पडली ती एका माणसामुळे. मंडळाच्या दुसऱ्याच वर्षी एक गृहस्थ लव्हाळ्यांत लघवीला म्हणून गेले आणि मंडळ पुढे निघून गेलं. परत येऊन शोधलं तेव्हा ते बांधावर बसून रडत होते. सर्दी झाली आहे, असं त्यांनी सांगितलं आणि पुन्हा कधी आले नाहीत. कप्तान हा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला माणूस. मोजून आत शिरायचं आणि मोजून बाहेर यायचं, हे त्याच्या हाडांत मुरलेलं. पुढच्याच रविवारी त्याने एक नारिंगी जाकीट, एक शिट्टी आणि एक पिशवी आणली. पिशवीत पट्ट्या, कापूस, दोरी आणि बुटांच्या जादा नाड्या. त्या दिवशी ताईचे बूट नवे होते, टाच सोलपटली होती, आणि ती आपोआप सगळ्यांच्या मागे होती. "तुम्ही मागे आहातच," कप्तान म्हणाला. यापेक्षा जास्त विचार करून माणसं मंत्रीसुद्धा नेमत नाहीत.

तेव्हापासून निघताना ओळीने आकडे पुकारले जात. एक, दोन, तीन असं करत शेवटच्याने आकडा सांगायचा नाही, "शेपूट" म्हणायचं. शेपूट ऐकू आलं की मंडळ पुरं झालं.

आता ताई मुळात चालायला का येऊ लागली, ते सांगायला हवं. ती एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, पण दुकानात नव्हे, मागच्या खोलीत. खोलीला खिडकी नव्हती. पुढच्या दुकानाशी संबंध होता तो भिंतीतल्या एका झडपेचा. झडप उघडे, त्यातून फ्रेम आणि नंबराची चिठ्ठी आत येई. ताई भिंग फिरत्या चाकावर धरून त्याचा काठ घासे. चाकावर थेंब थेंब पाणी पडत राही, काचेचा पांढरा चिखल खालच्या तबकात साचे, आणि भिंग फ्रेममध्ये बसलं की झडप उघडून चष्मा बाहेर जाई. बाहेर कुणीतरी तो डोळ्यांना लावून "वा, काय स्वच्छ दिसतंय" म्हणे. ते तिला ऐकू येई. काय दिसतंय, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्यासमोर हातभर अंतरावर भिंत होती आणि भिंतीवर भिंगाच्याच कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर डोंगराचं चित्र.

अशी काही वर्षं गेल्यावर तिचं डोकं दुखू लागलं. दुकानात आठवड्यातून तीन दिवस बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि नंबर काही दिला नाही. तुझी नजर हातभर अंतरावर गोठली आहे, असं ते म्हणाले. आठवड्यातून एकदा तरी लांब बघ, निदान अर्धा तास, शांत बसून. पाण्यावर बघितलंस तर उत्तम, पाण्यावर नजर कुठे अडत नाही. आणि सवयीने त्यांनी ते नंबराच्या चिठ्ठीवर लिहूनही दिलं: लांब बघणे, अर्धा तास, पाणी.

चिठ्ठीवर लिहिलेलं तंतोतंत करायचं, यावर ताईचं पोट होतं. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तर माणूस पायऱ्यांवरून पडतो. आजवर आत आलेली प्रत्येक चिठ्ठी तिने पुरी करून बाहेर पाठवली होती. ही एक तेवढी राहिली होती. ती तिने चष्म्याच्या रिकाम्या घरात घडी करून ठेवली होती, आणि ते घर दर रविवारी तिच्या खिशात असे.

जागाही ठरलेली होती. तळ्याच्या पलीकडच्या काठावर, जिथे पाणी सगळ्यांत रुंद होतं, तिथे जुन्या बोटींच्या धक्क्यावर सिमेंटचं एक बाक होतं. तिथून समोर पाणीच पाणी, आणि त्याच्याही पलीकडे शहर म्हणजे पेन्सिलीची एक रेघ. मंडळ तिथे विसाव्याला थांबे, साधारण पंचवीस मिनिटं. पंचवीसच का, तर ताईला यायला तेवढा वेळ लागे.

ताईला वेळ लागे, कारण तिच्यापुढे दोन माणसं असत. एक पक्षीवाल्या बाई. त्या प्रत्येक लव्हाळ्यापाशी दुर्बीण काढत आणि दुर्बीण डोळ्यांना लावली की पक्षी उडून जाई, म्हणून पुढच्या लव्हाळ्यापाशी पुन्हा काढत. दुसरे एक वकील. त्यांना चालता चालता मुद्दा मांडता येत नसे. मुद्दा आला की पाय थांबत, आणि मुद्दे त्यांना फार येत. शेपटीच्या मागे कुणी राहायचं नाही, म्हणून ताई दोघांच्या मागे उभी राही. लांब बघायला आलेल्या बाईने एकोणीस वर्षं बघितलं ते वकिलांच्या बुटांच्या टाचांकडे. अंतर मोजलं तर साधारण हातभरच.

ती बाकापाशी पोचे, नारिंगी जाकीट झाडांतून दिसे, आणि कप्तान उठून म्हणे, "चला, शेपूट आलं." डबे मिटत. कुणीतरी तिला संत्र्याच्या दोन फोडी चालता चालता हातावर ठेवी. बाक ऊबदार आणि रिकामं मागे राही.

घरी निराळं काही नव्हतं. घर तीन खोल्यांचं. त्यांतलं स्वयंपाकघर इतकं अरुंद, की टेबलाच्या भिंतीकडच्या खुर्चीवर जो बसेल तो बाकीचे उठल्याशिवाय बाहेर पडू शकत नसे. लग्न होऊन आली तेव्हा ताई घरात सगळ्यांत बारीक, म्हणून ती खुर्ची तिला मिळाली. आता ती बारीक राहिली नव्हती, पण खुर्ची तीच राहिली. तिच्या वाटेवर बसत वन्सं, म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. घास बत्तीस वेळा चावावा असं त्या मुलांना पस्तीस वर्षं सांगत आल्या होत्या आणि स्वतः चाळीस वेळा चावत. नवरा छापखान्यात यंत्रावर होता. त्या यंत्राच्या खडखडाटाने त्याचा एक कान गेला होता आणि आवाज वाढला होता. माणूस सरळ. उघड्या कपाटासमोर उभं राहून कपाट कुठे आहे म्हणून विचारील, पण सरळ. ताईने एकदा नुसतं म्हटलं होतं, की मला नदीवर एकटीला जाऊन बसावंसं वाटतं. घरात तीन दिवस शांतता पसरली. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, एकटी कशाला? मी येतो ना." आणि आला. बांधावर बसून त्याने तिला छपाईच्या शाईबद्दल दीड तास सांगितलं, मोठ्याने. पलीकडच्या काठावरचे गळवाले सामान आवरून निघून गेले.

म्हणजे उरला रविवार, उरलं मंडळ, उरलं ते बाक. आणि त्या वर्षी फाटकावर पाटी लागली. पुढच्या महिन्यापासून तळ्याचा पलीकडचा काठ पाण्याच्या नव्या नळांच्या कामासाठी बंद. दरवानाला विचारलं, परत कधी उघडणार? तो म्हणाला, आधीच्या कामाला बंद केलेला उत्तरेकडचा काठ अजून उघडायचा आहे, तो बंद केला तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलो होतो. त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या.

एकच रविवार हातात होता. ताईने आठवडाभर मनाशी वाक्य जुळवलं आणि गुरुवारी दुकानातून कप्तानाला फोन केला. या रविवारी मी शेपूट होणार नाही, मला एक दिवस रजा हवी, असं ती म्हणाली.

कप्तानाने विचारलं, "तुम्ही येणार नाही का?"

"येणार आहे. पण मध्ये चालेन."

"मध्ये," कप्तान म्हणाला, तिने पाण्यावरून चालेन म्हटल्यासारखं. मग त्याने तब्येतीची चौकशी केली, घरच्यांची केली, आपलं काही चुकलं का तेही विचारलं. शेवटी, बघतो, असं म्हणाला. शनिवारी त्याचा निरोप आला की टपालमास्तर तयार आहेत.

टपालमास्तर मंडळात नवे. निवृत्त होऊन दोनच वर्षं झालेली. चौतीस वर्षांत एकही पत्र पडून राहू दिलं नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि ती पसरवण्यात त्यांचा स्वतःचा वाटाही थोडाथोडका नव्हता. रविवारी सकाळी पंपघरापाशी त्यांनी ताईकडून जाकीट आणि पिशवी घेतली, आतल्या वस्तू एकेक काढून कागदावर लिहिल्या आणि कागद तिच्यापुढे सहीला धरला. पट्ट्या सात, नाड्या चार जोड, दोरी एक, शिट्टी एक. ताईने सही केली. एका जोडात एकच नाडी आहे, असा शेरा मास्तरांनी खाली लिहिला.

आकडे पुकारले गेले. ताईच्या वाट्याला नऊ आला. "शेपूट," मास्तर मागून खणखणीत म्हणाले. वकील म्हणाले, हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं ऐकलं होतं, आज शेपूटच हत्तीत शिरलं. सगळे हसले. ताईही हसली आणि चालायला लागली.

अशी ती कधीच चालली नव्हती. नाकासमोर कुणाच्या टाचा नव्हत्या. वाट दिसत होती, वाटेवर पडलेली सावली दिसत होती, बंधाऱ्यावरून कोसळणारं पाणी दुरून येताना दिसत होतं. आजवर ते तिला फक्त शेजारून जाताना दिसलं होतं. तिने एकाला मागे टाकलं, मग दोघांना. फाटकावर दरवानाने बावीस लिहिले. तळ्याच्या काठाने ती इतकी झपाझप गेली की धक्क्यापाशी पोचली तेव्हा बाकावर फक्त कप्तान होता. तो बाकावर उलटा बसला होता, पाण्याकडे पाठ करून, वाटेकडे तोंड करून.

ती म्हणाली, "तुम्ही असे का बसता?"

"कसा?"

"पाण्याकडे पाठ करून."

"शेपूट दिसायला नको का?" कप्तान म्हणाला. मग त्याने सांगितलं, "तळं कुठल्या बाजूला आहे ते मला मानेवर लागणाऱ्या वाऱ्यावरून कळतं."

ताई त्याच्या शेजारी पाण्याकडे तोंड करून बसली. दोघं एकाच बाकावर, दोन दिशांना. तिने घड्याळ बघितलं, चष्म्याचं घर खिशात चाचपलं आणि लांब बघायला सुरुवात केली. पाणी करड्या रंगाचं होतं. सुरुवातीला डोळे हातभर अंतर शोधत होते, हौदात सोडलेल्या माशाने काचेचा डबा शोधावा तसे.

मंडळी येऊ लागली. एकाने नाडी मागितली, दुसरीने टाचेला पट्टी. पिशवी मास्तरांकडे आहे, असं ताईने सांगितलं, तेव्हा ती दोघं रविवारी बंद असलेल्या औषधाच्या दुकानाकडे बघावं तशी तिच्याकडे बघत राहिली. मग डबे उघडले गेले. अंडी सोलायला घेतली गेली. थर्मासची झाकणं फिरली.

आणि कप्तान उठला. "चला, शेपूट आलं."

चारच मिनिटं झाली होती. सगळ्यांनी माना वळवल्या. झाडांतून नारिंगी जाकीट येत होतं, आणि त्याच्यापुढे वकील आणि पक्षीवाल्या बाई जवळजवळ पळत होत्या. काय झालं ते मागाहून कळलं. बाईंनी पहिल्या लव्हाळ्यापाशी दुर्बीण काढली तेव्हा मास्तर म्हणाले होते, पक्षी परत येईल, बस परत येणार नाही. आणि वकील मुद्द्यासाठी थांबले की मास्तर लगेच म्हणत, "पटलं. चला." मुद्दा ऐकण्याआधीच पटला, तर वकिलाने थांबावं कशासाठी?

मंडळी अर्धी सोललेली अंडी हातात घेऊन उभी राहिली. एकोणीस वर्षं आपल्याला जो विसावा मिळत होता तो कुठून येत होता, हे त्यांना त्या क्षणी समजलं असावं. कारण कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "हे शेपूट फारच पुढे येतं." नियम मात्र नियम होता. डबे मिटू लागले.

ताई उठली नाही. "मी बसते," ती म्हणाली.

"म्हणजे?" कप्तानाने विचारलं.

तिने चष्म्याचं घर उघडलं आणि चिठ्ठी त्याच्या हातात दिली. कप्तानाने ती लांब धरून वाचली, मग उलटी करून बघितली. "तारीख जुनी आहे," तो म्हणाला.

"हो."

माणूस दुष्ट नव्हता. जळत्या इमारतीत शिरून त्याने लोक बाहेर काढले होते. पण एखाद्याला आतच राहायचं असेल तर काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी त्याने निकाल दिला. ताईंनी बसावं. शेपटीच्या मागे कुणाला राहता येत नाही, म्हणून मास्तर त्यांच्या मागे थांबतील. आम्ही पुढे जाऊन वाट फुटते तिथे थांबतो. सगळं नियमात बसलं. मंडळी निघाली.

मास्तर बाकाच्या मागे दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. "निवांत बसा," ते म्हणाले. "मला काही घाई नाही. घरी कुणी नसलं तर मी दार उघडेपर्यंत पायरीवर थांबलेला माणूस आहे."

ताई निवांत बसली. मास्तरांच्या श्वासाचा आवाज येत होता. मग त्यांनी घसा साफ केला, पण अगदी हळू, तिला त्रास होऊ नये म्हणून. आणि त्यामुळे तो जास्त ऐकू आला. एक बूट वाळूवर सरकला. पुन्हा शांतता. ही शांतता तिच्यासाठी मुद्दाम पाळली जात होती. अशा शांततेसारखा कलकलाट नसतो.

तिने मान वर करून लांब बघितलं. धक्क्याच्या पुढे तळ्याचा एक चिंचोळा फाटा जमिनीत शिरला होता. वाट त्याला वळसा घालून पलीकडे जाई, आणि बरोबर समोर, पाण्याच्या पार, ती फुटे. एक वाट फाटकाकडे, एक खाणीकडे. थोड्या वेळाने तिथे माणसं येऊन पोचली. जिथे नजर अडायला नको होती, नेमकी तिथे वीस माणसं ओळीने येऊन उभी राहिली, आणि वीसच्या वीस तिच्याकडे बघत होती. लांब बघणारी आता ती एकटी नव्हती. पक्षीवाल्या बाईंनी तर दुर्बीण लावली होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच दुर्बिणीतलं काही उडून गेलं नव्हतं.

पलीकडून कप्तानाची शिट्टी आली, एक लांब. सगळं ठीक ना, असा तिचा अर्थ. मास्तरांनी तिच्या डोक्यामागून उत्तर दिलं, दोन आखूड. ताई बाकावरून इंचभर उडाली.

पुन्हा एकदा असंच झाल्यावर ती उठून मास्तरांकडे गेली.

"मास्तर, शेपूट मला परत द्या."

"आज तुमची रजा आहे."

"रजा संपली."

मास्तरांना ते पटेना. चार्ज असा मधल्या मधे देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. शिवाय तुम्हाला एकटीला इथे सोडून मी पुढे कसा जाऊ?

"एकटीला नाही," ताई म्हणाली. "शेपटीला. शेपटीच्या मागे कुणी राहायचं नाही, असा नियम आहे. शेपूट मी असले तर तुम्हाला इथे थांबताच येत नाही."

मास्तरांनी हे दोनदा मनाशी म्हणून बघितलं. नियमाने बोलणाऱ्या माणसापुढे ते कायम हतबल होत. त्यांनी सकाळचा कागद काढला. पट्ट्या पाच, कारण एक वकिलांच्या अंगठ्याला आणि एक त्या टाचेला गेली होती. नाड्या तीन जोड. दोरी, शिट्टी. ताईने सही केली. जाकीट अंगात चढवलं तेव्हा ते मास्तरांच्या अंगाने गरम होतं. मास्तर मान लववून निघाले आणि वळणावरून दिसेनासे झाले.

तिने घड्याळ नव्याने बघितलं आणि ती बसली. मागे कुणी नव्हतं. श्वास नाही, बूट नाही. आणि तिच्या ध्यानात आलं, की जिच्या मागे कुणी नाही अशी जगात एकच जागा तिला मिळाली होती, आणि आज सकाळी ती त्याच जागेची रजा घेऊन बसली होती.

समोरची वीस माणसं आता बारीक झाली. म्हणजे माणसं तेवढीच होती. ताईचे डोळे मात्र त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे गेले. तिथे पाणी निराळ्या रंगाचं होतं, शाई धुतलेल्या पाण्यासारखं, आणि त्याच्या पलीकडची रेघ नुसती रेघ नव्हती. तिच्यात एक चिमणी होती, एक घुमट होता, आणि एका ठिकाणी काहीतरी चमकत होतं, एखाद्या खिडकीचं तावदान असावं. कपाळावरची शीर, जी ती विसरून गेली होती, सैल पडली.

नऊ मिनिटं झाली होती, तेव्हा तिने मोजलं.

मोजायचं ठरवलं नव्हतं. डोळे परत येताना त्या ओळीवरून आले आणि सवयीने मोजत आले. वीस. वीस आणि आपण एकवीस. मास्तर कुठे आहेत? वळणानंतर वाकलेल्या झाडापाशी वाट उघडी होते, तिथून जाणारा माणूस बाकावरून दिसतो. मास्तरांसारखा चालणारा एव्हाना दिसायला हवा होता. ताई झाडाकडे बघत राहिली. पाणी, चिमणी, घुमट सगळं पुसून गेलं. मास्तरांचं वय बासष्ट. कडेला शेवाळ. तिला लव्हाळ्यांतले ते गृहस्थ आठवले, सर्दी झालेले.

ती पिशवी उचलून धावली.

मास्तर पहिल्याच वळणामागे उभे होते. तिच्याकडे पाठ, हात मागे बांधलेले, समोर नुसतं झुडूप. झुडपाकडे ते मोठ्या लक्षपूर्वक बघत होते.

"पडलात की काय?" ताईला धाप लागली होती.

"नाही, नाही." मास्तर ओशाळले. "मी मागे थांबलेलो नाही. पुढेच आहे. फक्त फार पुढे नाही." आणि मग जरा मानाने म्हणाले, "वळून एकदाही बघितलं नाही हं."

ताईने रागवायला जागा शोधली, पण मास्तरांनी ती कुठे ठेवलीच नव्हती. "चला मास्तर," ती म्हणाली.

ते पुढे आणि ती मागे, अशी दोघं निघाली. मास्तरांच्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती.

फाटकावर आकडे पुकारले गेले. एकवीसपर्यंत आले आणि थांबले. सगळे थांबले. दरवानाने वहीतून मान वर केली.

"शेपूट," ताई म्हणाली.

दरवानाने बावीस लिहिले, खाली रेघ मारली आणि कुलूप लावलं. बसमध्ये कप्तान तिच्याशेजारी आला आणि त्याने विचारलं, झालं ना मग मनासारखं? झालं, ती म्हणाली. मग पुढच्या रविवारी? जाकीट अजून तिच्या अंगात होतं, आणि कप्तानाला तेवढं उत्तर पुरलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती भिंतीकडच्या खुर्चीवर बसली होती. नवरा जेवून उठला होता आणि आतून मोठ्याने विचारत होता, की आपला टॉवेल कुठे आहे. वाटेवरच्या खुर्चीत वन्सं चावत होत्या. त्यांच्या खांद्यावरून बघितलं तर दार दिसे, दारातून बाहेरची खोली, आणि खोलीच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.

"तुला उठायचं असेल," वन्सं घास संपवून म्हणाल्या. "माझं जरा हळूच असतं."

"राहू द्या, वन्सं. सावकाश." ताईने घड्याळ बघितलं आणि पाठ भिंतीला टेकवली. "अजून एकवीस मिनिटं आहेत माझी."

वन्संनी पुढचा घास घेतला. ताई टाकीकडे बघत राहिली.